टरफल आईचं

“झिपरीनं ह्या खेपेला काही त्रासच दिला नाही बघा,” मावशी म्हणाल्या आणि रबरी हातमोज्यांतून एकेक बोट ओढून मोकळं करू लागल्या. “अ‍ॅसिड ओतलं, दोनदा हलवलं, झालं. काळीभोर, लख्ख! आणि ती टकली, नावाची टकली मेली, तिनं माझा जीव खाल्ला. तीनदा धुतली तरी अंगावर केस.” मी नळाखाली काचेच्या नळ्या विसळत होते. “असेल,” म्हटलं. हातातली नळी धुतली, फडक्यावर उपडी घातली, दुसरी घेतली. तीही धुतली. मग पुन्हा पहिलीच उचलून धुवायला लागले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “ताई, झोप झालेली दिसत नाही. लेकीनं जागवलं वाटतं?” मी मान हलवली. लेकीनं जागवलं होतं हे खरंच होतं, पण पाणी असं एकाएकी लांब कुठेतरी पडत असल्यासारखं वाजू लागलं त्याला कारण ते नव्हतं. मावशी मोजे खुंटीला अडकवून, सुपारी तोंडात टाकून निघूनसुद्धा गेल्या. आपण काय बोलून गेलो ह्याचा त्यांना पत्ता नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

टकली आणि झिपरी ही आमच्या दोन कपाशींची घरगुती नावं. नोंदवहीत त्यांना लांबलचक आकडे आहेत, पण आकड्यांवर कुणाचा जीव जडत नाही. टकलीची सरकी जन्मजात गुळगुळीत. कापूस ओढून घेतला की खाली चकचकीत काळं बी. झिपरीचा कापूस काढला तरी सरकीवर दाट, करडी लव राहते, उंदराच्या पिल्लाच्या पाठीसारखी. ती अ‍ॅसिडनं जाळून, धुऊन काढायची हे मावशींचं काम. मग सगळ्या सरक्या सारख्या दिसतात, एका शाळेतल्या पोरींसारख्या, आणि त्या माझ्याकडे येतात. माझ्याकडे तेल मोजायचं यंत्र आहे. बी फोडायचं नाही, दळायचं नाही. नळीत घालून चुंबकाच्या पोटात सोडायचं, आणि श्वास रोखून बारापर्यंत मोजलं की आकडा येतो. टकलीत शंभराला पंचवीस तेल. झिपरीत जेमतेम सतरा. पण झिपरीचा धागा लांब आणि मऊ, टकलीचा नुसता भुसा. एकीचं तेल आणि दुसरीचा धागा एका झाडात आणायचा, एवढ्यासाठी ही तीन मजली इमारत, शहराबाहेरचं शेत, ऑफिसची बस, मावशी, मी आणि आमच्या मॅडम.

नळ बंद केला. ओले हात तसेच धरून उभी राहिले. बीचं टरफल बीचं नसतं. ते आईचं असतं. हे मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते, पेपरात आकृती काढून लिहिलं होतं, मार्क मिळाले होते आणि विषय संपला होता. परागाचा कण येतो तो आत जातो, आत नवा जीव धरतो; पण भोवतीचं कातडं आधीपासून तिथं असतं, फुलाच्या पोटात, बाप यायच्या कितीतरी आधी शिवून ठेवलेलं. त्यात बापाचा टाकासुद्धा नाही. त्यामुळे झिपरीच्या फुलावर कुणाचेही पराग शिंपडा, टकलीचे शिंपडा, आकाशातून आणून शिंपडा, सरकीवर लव येणारच. आईचं अंग केसाळ, म्हणून बाळाचं पांघरूण केसाळ. आणि टकलीच्या पोटचं बी टक्कल घेऊनच बाहेर येणार. मग ज्या पाकिटांवर मी माझ्या हातानं ‘आई झिपरी, बाप टकली’ असं लिहिलेली चिठ्ठी बांधली, त्यातली सरकी दोनदा हलवून लख्ख कशी झाली? आणि ज्यावर ‘आई टकली’ आहे, तिच्या अंगावर जाळायला केस आले कुठून?

ह्याच पाकिटांतली पहिली निम्मी सरकी धुतली तेव्हा मावशी रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या माणसानं काही न बोलता धुऊन दिली, मी मोजली, आकडे मॅडमना दिले. मागच्या सोमवारची गोष्ट. त्या दिवशी मॅडम खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आल्या होत्या, पायात एकच चप्पल. “पुन्हा मोज,” म्हणाल्या. मी पुन्हा मोजलं. आई झिपरी, बाप टकली: तेवीस पूर्णांक आठ. “अजून एकदा.” तेवीस पूर्णांक सात. आणि ‘आई टकली’च्या पाकिटात जेमतेम अठरा. झिपरीच्या पोटी, सतरा तेल देणाऱ्या आईच्या पोटी, तेवीस! मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि चष्म्यावर काहीच नव्हतं. अकरा वर्षं त्या एकच गोष्ट सांगत होत्या: बीतलं तेल बी स्वतः ठरवतं, आई नव्हे. बापाकडून चांगला गुण आला तर पहिल्याच पिढीत, त्याच बीमध्ये तो दिसला पाहिजे. तसं असेल तर झाड मोठं व्हायची वाट बघायला नको, एकेक सरकी मोजून तिथल्या तिथं निवडता येईल, प्रत्येक पायरीला एक हंगाम वाचेल. बाकीच्यांचं म्हणणं उलट होतं, की दाणा आईच्या ताटातलं खातो, आई देईल तेवढं तेल. अकरा वर्षं सभांमध्ये लोकांनी मॅडमना ऐकून घेतलं, हसून मान डोलावली आणि चहाला उठले. सोमवारी त्यांनी व्हरांड्यात उभं राहून, समोर कुणी नसताना, “बाप जिंकला!” म्हणून एक टाळी वाजवली होती. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. आणि उद्या अकराला समितीपुढे त्यांना हाच आकडा मांडायचा होता.

फ्रिज उघडला. का उघडला कोण जाणे. हाताला गार काहीतरी हवं होतं. वरच्या कप्प्यात परागांच्या डब्या, खालच्यात माझी दुधाची बाटली. मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले त्या दिवशी मॅडमनी स्वतः तो कप्पा रिकामा केला होता. “इथं तुझं ठेव, आणि वर नाव लिही, नाहीतर ही पोरं चहात घालतील,” म्हणाल्या होत्या. सकाळी काढलेलं दूध आता खाली पातळ, निळसर झालं होतं आणि वर बोटभर पिवळट पट्टा तरंगत होता. स्निग्धांश. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटातली स्निग्धता मोजून मी पगार घेते आणि हा पट्टा रोज संध्याकाळी पिशवीत टाकून घरी नेते, तो कुणी घातला, कधी घातला, मी घातला म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मी तर काहीच केलं नव्हतं. मी फाइल भरत होते, बसमध्ये पेंगत होते, नवऱ्याशी गॅस सिलिंडरवरून भांडत होते. ते आपलं आपण होत होतं. माझ्या पाठीमागे, मला न विचारता, कुणीतरी माझ्याच हातांनी कुणाची तरी शिदोरी बांधत होतं.

माझी लेक, ठकी, पाच महिन्यांची आहे आणि जो येतो तो म्हणतो, बापाची कॉपी. नाक बापाचं, कपाळ बापाचं, झोपेत मूठ कानाशी नेण्याची खोडसुद्धा बापाचीच, असं सासूबाई शपथेवर सांगतात. “तू काय गं, नुसती पार्सल पोचवणारी!” नणंद म्हणाली होती बारशाच्या दिवशी, आणि सगळे हसले होते, मीही हसले होते, नणंद वाईट नाही, तिला विनोद सुचला की राहवत नाही. नवरा म्हणाला, “अगं, कानाची पाळी बघ, ती तुझी आहे.” बिचारा शोधून शोधून कानाच्या पाळीपर्यंत पोचला होता. त्या रात्रीपासून ठकी अंगावर पीत असली की मी तिच्या चेहऱ्यावर स्वतःला शोधते, हरवलेलं कानातलं अंथरुणात शोधावं तशी, हळूच, कुणाला न सांगता. सापडत नाही. ती पिते, थांबते, माझ्याकडे तिच्या बापाच्या डोळ्यांनी बघते आणि पुन्हा प्यायला लागते.

बाटली जागेवर ठेवली. आता सगळं आठवत होतं, आणि आठवणं थांबवता येत नव्हतं. सातवा महिना होता. आदल्या दिवशी उतरत्या उन्हात बायकांनी कळ्या उघडून त्यातले नराचे भाग काढून टाकले होते, आणि त्या सकाळी त्या पराग लावत पुढे चालल्या होत्या. त्यांचं चुकलं नव्हतं, त्यांना प्रत्येक ओळ माहीत होती. मी मागून फक्त चिठ्ठ्या बांधायच्या होत्या. दोनच ओळी: एक टकलीची, एक झिपरीची, मधून चालायला वाट. फुलात असताना दोघी इतक्या सारख्या दिसतात, सकाळी पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी, की पाटी वाचल्याशिवाय मलाही ओळखू येत नाहीत. आणि पाट्या फक्त अलीकडच्या टोकाला, जिथून शेतात शिरतो तिथं. मी ह्या टोकाला उभी राहून पाट्या वाचल्या. डावीकडे टकली, उजवीकडे झिपरी. मला वाकवत नव्हतं, विचार करवत नव्हता, म्हणून शहाणपणा केला: टकलीच्या चिठ्ठ्या अ‍ॅप्रनच्या डाव्या खिशात, झिपरीच्या उजव्या. डाव्या झाडाला डावा खिसा, उजव्या झाडाला उजवा. डोकं लावायचं कामच नाही. आणि पहिली चिठ्ठी काढायच्या आत ठकी हलली. ढुशी नव्हे, ढुशा रोजच्या होत्या. ती सगळीच्या सगळी फिरली, एखाद्यानं झोपेत कूस बदलून भिंतीकडे तोंड करावं तशी, आणि क्षणभर मला वाटलं की मीच फिरले, शेत फिरलं. मी बांधावरून कडेकडेनं चालत पलीकडच्या टोकाच्या शेडमध्ये गेले, पाणी प्यायले, पोटावर हात ठेवून बसले. ती शांत झाली. मग मी उठले, आणि इतकं परत कुठं चालायचं म्हणून तिथूनच, त्या टोकानं, वाटेत शिरले. डाव्या झाडाला डावा खिसा. उजव्या झाडाला उजवा. ऐंशी चिठ्ठ्या. एकही गाठ सैल बांधली नाही.

बोंडं फुटली तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. वेचणाऱ्या बायकांनी चिठ्ठी बघून वेचलं, कापूस सोडवणाऱ्यानं चिठ्ठी बघून पाकिटं भरली. पाकिटावर काय लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलं, सरकीकडे कुणी बघितलं नाही. आणि मग अ‍ॅसिडनं उरलासुरला पुरावा जाळला. म्हणजे कुणाला कळणार नव्हतं. व्हरांड्यातून मॅडमच्या खोलीकडे जाताना हे माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, ते मी नाकारत नाही. ती सरकी पेरली तर रोप सांगणार नव्हतं, कारण टरफल गळून पडलं की दोन्ही पाकिटांतली पोरं जवळजवळ सारखीच. आई-बाप तेच, फक्त कोण कुणाच्या पोटात वाढलं एवढाच फरक. मावशींना माहीत नव्हतं. मॅडमना चार महिने राहिले होते. चार महिने एखाद्या बाईला जिंकलेलं राहू दिलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण बिघडणार होतं. त्या आकड्यावर विसंबून इथं येणारी पुढची माणसं वर्षानुवर्षं एकेक दाणा निवडत बसली असती, आणि दाण्याजवळ जे नव्हतंच ते दाण्यात शोधत राहिली असती. आणि आणखी एक होतं, जे मला तेव्हा नीट म्हणता आलं नाही. माझ्या बोटांनी मी ऐंशी आयांची नावं पुसली होती.

“ये गं, ऐक जरा,” मॅडम कागदातून मान वर न काढता म्हणाल्या. “हे फार फुशारकीचं वाटतंय का सांग. ‘ह्या प्रयोगानं जुना वाद मिटतो.’ मिटतो म्हणू की मिटायला मदत होते म्हणू?”

“मॅडम, चिठ्ठ्या उलट्या बांधल्यात मी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. “कुठल्या?”

“सगळ्या. आई झिपरी लिहिलंय ती टकलीची आहे. मावशी म्हणाल्या, झिपरीला अ‍ॅसिड लागलंच नाही.” मग मी सगळं सांगितलं, खिसे, शेड, पलीकडचं टोक. सांगताना माझा आवाज शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलीसारखा येत होता. मॅडमनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

“कितवा होता तेव्हा?”

“सातवा.”

“आणि मी तुला उन्हात पाठवलं,” त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “चल. भिंग काढ.”

लव जळली तरी तिची मुळं टरफलात राहतात, हे दोघींनाही ठाऊक होतं. दोघींनीही आजवर कधी बघितलं नव्हतं. जळलेलं कोण बघतं? मी दोन पाकिटांतली एकेक सरकी काचेवर ठेवली, दिवा लावला आणि बाजूला झाले. मॅडम वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. त्यांच्या मानेवरचा अंबाडा सैल झाला होता आणि त्यातून एक पांढरी बट निसटून काचेपाशी लोंबत होती. मला वाटलं त्या रडताहेत. मग त्यांचा आवाज आला, बारीक, एखाद्याच्या घरात झोपलेलं मूल असताना बोलावं तसा.

“अगं बाई.”

“काय झालं?”

“बघ तू.”

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग जमीन. काळसर तपकिरी, लांबवर पसरलेली, आणि तिच्यावर हजारो खुंट, कापणी झालेल्या शेतात उरावेत तसे, रांगा नसलेले पण एकही जागा न सोडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी एक छोटी खळगी. चिठ्ठीवर ‘आई टकली’ लिहिलेल्या बीवर झिपरी उभी होती. जाळली, तीनदा धुतली, खोटं नाव लावलं, तरी होती. मी काच सरकवली. दुसरी सरकी: गुळगुळीत, अथांग, एकही खुंट नाही, दिव्याचा उजेड तिच्यावरून पाण्यावरून घसरावा तसा घसरत गेला. पोटात काहीतरी हललं, जिथं आता काही नाही तिथं. ह्या एवढ्याशा गोष्टीला, जिला आम्ही फोलपट म्हणतो, पायाखाली तुडवतो, तिला आठवण होती. आतल्या जिवाचा चेहरा कुणासारखा व्हायचा तो होवो. त्याच्याभोवती एक बाई हात टाकून बसली होती, आणि आपल्या ताटातलं तेल तिनं त्याला भरवलं होतं, पहिलं पान फुटून त्याला स्वतःचं स्वतः मिळेपर्यंत पुरेल एवढं. टकलीजवळ जास्त होतं, तिनं जास्त दिलं. झिपरीजवळ कमी होतं. कमीतलं दिलं. अठरा पूर्णांक एक. त्या आकड्याला मी सोमवारी नाक मुरडलं होतं.

“सरक,” मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. “अकरा वर्षं मी ह्याला कचरा म्हणत आले. सोल आणि फेक. जे काय आहे ते आत आहे, असं मीच शिकवायची तुम्हाला.” मग भिंगावरून डोळा न काढता, “हलली म्हणजे नेमकं कसं वाटलं गं?”

“कधी?”

“त्या दिवशी. शेतात.”

“कुणीतरी घरात आहे आणि फर्निचर हलवतंय, असं. म्हणजे घर आपलं, पण...” मी थांबले. त्यांनी ‘हं’ केलं, गंभीरपणे, आकडा टिपून घ्यावा तसं.

मग त्यांनी फोन लावला. समितीच्या अध्यक्षांचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता, मोठा, खुशीत. “हो, उद्या येतेच आहे मी,” मॅडम म्हणाल्या. “फक्त निष्कर्ष उलटा आहे... नाही हो, पुढे कशाला ढकलायचं? उलटा म्हणजे उलटा. आई ठरवते. निदान इथं तरी आईच ठरवते... चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आमच्याच लक्षात आली, उद्या पुराव्यासकट दाखवते. पण चूक नुसती चिठ्ठ्यांची नव्हे, माझीही. चिठ्ठ्या सरळ असत्या तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता, पेरणीच खोटी म्हटली असती. मला ओळखता की तुम्ही.” पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी समजावत होता. मॅडम ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता एका हातानं काचेवरची सरकी नखानं हळूच उभी करत होत्या. “हो, वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या. “वाटेल काही दिवस. ठेवू का?”

फोन ठेवला आणि हिशेब बोटांवर केला, माझ्याकडे न बघता. कपाशी साडेपाच महिन्यांची. त्यांच्याजवळ चार होते. “पुन्हा दोन्हीकडून क्रॉस करायला हवं,” म्हणाल्या, “ह्या वेळी पाट्या दोन्ही टोकांना लाव. बोंडं तू उघड. मला कळव फक्त.” मी हो म्हटलं. माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपत होती, तो विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. खाली आवारात बसनं पहिला हॉर्न दिला. दुसरा दिला की ती कुणासाठी थांबत नाही. माझ्या अंगात दूध दाटून आलं होतं, ब्लाउज ओला होत होता. “जा तू, लेक वाट बघत असेल,” मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी उभी केलेली सरकी भिंगाखाली आणली होती आणि मला हातानं जवळ ओढत होत्या. “हे बघून जा. हे टोक. इथं आईची शीर येऊन चिकटते. सगळं इथूनच जात असणार, नाही? एवढ्याशा ठिपक्यातून.” मी वाकले. आमची डोकी एकमेकींना आपटली. मग मी बघितलं, मग त्यांनी, मग पुन्हा मी. टाचणीनं टोचावं एवढा फिकट ठिपका होता.

“कितव्या दिवशी सुरू होत असेल गं?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“द्यायला.”

फूल मिटल्यापासून विसाव्या दिवसाच्या आसपास. गेल्या तीन वर्षांच्या अहवालांत माझ्याच हातचा तक्ता आहे, पान नंबरासकट मला तोंडपाठ. मॅडमनाही होता. खाली बसनं दुसरा हॉर्न दिला. मी पुन्हा भिंगावर वाकले. दिव्याची उष्णता गालाला लागत होती, आणि माझ्या शेजारी एक साठीला आलेली बाई पहिल्यांदाच विचारावं तसं विचारून, उत्तराची वाट बघत, श्वास रोखून उभी होती.